हातभर भिंत विनागिलाव्याची

११ एप्रिल १९५६ची संध्याकाळ. तेल अवीवजवळच्या कफार हबाद नावाच्या खेड्यात, मुलांना हातकाम शिकवणाऱ्या एका शाळेत संध्याकाळची प्रार्थना चालू होती. सीमेपलीकडून आलेले फेदायीन हल्लेखोर आत घुसले आणि त्यांनी गोळीबार केला. पाच विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले.

खेडं तेव्हा अवघं सात वर्षांचं होतं. वसवणारी बहुतेक कुटुंबं सोव्हिएत रशियातून आलेली. स्टालिनचे तुरुंग आणि हिटलरचं युद्ध, दोन्हींतून कसेबसे निसटलेले हे हसीदी, म्हणजे भक्तिमार्गी, ज्यू. इथं तरी सुखानं दोन घास खाऊ म्हणून आले होते. दफनं झाली आणि गावात कुजबुज सुरू झाली: उठायचं का इथून? त्यांच्या हबाद पंथाचे प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेनाखेम मेंडेल श्नेअरसन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहत. सगळा गाव त्यांच्या शब्दाची वाट पाहत होता. काही दिवसांनी तार आली. तिच्यातले तीन हिब्रू शब्द पुढे फार गाजले: ‘बेहेमशेख हाबिन्यान तेनाहमू.’ बांधकाम पुढे चालू ठेवण्यात तुमचं सांत्वन होईल.

मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते शब्द कोरडे वाटले. घरातली पोरं गेली आणि हा माणूस बांधकामाचं बोलतोय! ‘झालं गेलं विसरा, कामाला लागा’ असं आपल्याकडेही भेटायला आलेले काही जण सांगतातच, आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला ते कसं झोंबतं हे त्यालाच ठाऊक. पण ही तार कोणत्या परंपरेतून आली ते नीट पाहिल्यावर माझं मत बदललं. त्या परंपरेनं शोकाचं अक्षरशः वेळापत्रक बनवलेलं आहे, आणि त्यात फिरून फिरून शाळा येते. तेच इथं उलगडून सांगायचं आहे.

आधी खाली बसायचं

ज्यू धर्मशास्त्रात सात नात्यांसाठी शोक पाळावा लागतो: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि नवरा किंवा बायको. दफन होईल तितक्या लवकर उरकतात, जमल्यास त्याच दिवशी. मृत्यू आणि दफन यांच्या मधल्या तासांत घरच्या माणसाला रोजची प्रार्थनासुद्धा माफ असते. या वेळात त्याचं सांत्वन करायचं नाही, हाही नियमच. ‘ज्याचं माणूस अजून समोर आहे त्याला धीर देऊ नका,’ असं एक जुनं वचन आहे, रब्बी शिमोन बेन एलाझार यांचं. म्हणजे धीर देण्याचीही वेळ ठरलेली. त्याआधी दिलेला धीर, धीर नव्हे.

दफनाच्या वेळी अंगावरचा कपडा फाडतात. आईवडिलांसाठी डावीकडे, थेट काळजावर. बाकीच्या नात्यांसाठी उजवीकडे. आधी पात्यानं छोटा छेद देतात आणि मग शोक करणारा स्वतःच्या हातानं तो पुढे टरकावतो. मला यात सगळ्यात जास्त भावला तो शिवायचा नियम. नवरा-बायको, भावंडं, मुलं यांच्यासाठी फाडलेला कपडा ३० दिवसांनी नीट शिवता येतो. आईवडिलांसाठी फाडलेला मात्र कधीच नीट शिवायचा नाही. महिन्यानंतर कच्चे टाके घालून तो वापरायला हरकत नाही, पण फाटलं होतं हे दिसलं पाहिजे.

घरी आल्यावर शिव्हा सुरू होतो. शिव्हा म्हणजे सात, सात दिवसांचा शोक. माणसं जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसतात. पायात चामड्याचे जोडे नाहीत. बऱ्याच घरांत आरसे कापडानं झाकलेले असतात. दाढी करणं नाही, कामधंदा नाही. दार नुसतं लोटलेलं. येणाऱ्यानं बेल न वाजवता आत यायचं, कारण उठून दार उघडणं हे शोकात असलेल्याचं काम नव्हे.

पहिलं जेवण स्वतःच्या घरचं खायचं नाही, हा तालमुदातला, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन चर्चाग्रंथातला, स्पष्ट दंडक. ते शेजाऱ्यांनी आणायचं. सहसा उकडलेली अंडी आणि मसूर. मसूरच का? इतर कडधान्यांच्या दाण्याला तोंड असतं, मसुराला नसतं, आणि दुःखात असलेल्या माणसालाही तोंड नसतं, असं तालमूद म्हणतं. शिवाय दाणा गोल, दुःखही चाकासारखं घरोघर फिरतं. आपल्याकडच्या कडू घासाची इथं आठवण होते. माझे वडील गेले त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नव्हती. समोरच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या आणि आईच्या समोर ताट धरून बसून राहिल्या. ‘खा’ असंही म्हणाल्या नाहीत. शेवटी आईनं हात पुढे केला. शास्त्र कोणतंही असो, त्या क्षणी माणसात स्वतःसाठी जेवण वाढून घेण्याइतकं बळ नसतं, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखून ठेवलेलं आहे.

भेटायला येणाऱ्यांसाठीही नियम आहे: शोक करणारा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. याचं मूळ बायबलमधल्या इयोबाच्या कथेत. इयोबाची सगळी मुलं एका दिवसात गेली. त्याचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. (पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, ती गोष्ट वेगळी.) निघताना म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘सियोन आणि जेरुसलेमसाठी शोक करणाऱ्या इतरांबरोबर ती जागा तुमचं सांत्वन करो.’ ‘जागा’, हिब्रूत हामाकोम, हे इथं देवाचं नाव आहे. घरातली एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे, आणि देवाच्या इतक्या नावांतून नेमकं हेच निवडलं आहे.

मग उठायचं, पण एकदम नाही

तालमुदाच्या ‘मोएद कातान’ या भागात हिशोब दिला आहे: तीन दिवस रडण्यासाठी, सात विलापासाठी, तीस केस न कापण्यासाठी आणि ठेवणीतले कपडे न घालण्यासाठी. त्यापुढेही कुणी थांबेना, तर देव म्हणतो, ‘गेलेल्यावर तुझी माया माझ्याहून जास्त आहे का?’

गंमत म्हणजे हा भाग मुळात शोकाचा नाहीच. मोएद कातान म्हणजे छोटा सण. मोठ्या सणांच्या मधल्या दिवसांत काय करावं, काय नाही, याची चर्चा तिथं आहे आणि शोकाचे नियम तिच्या पोटात येतात. शोकावर एक स्वतंत्र ग्रंथही आहे. त्याला म्हणतात ‘सेमाहोत’, म्हणजे आनंद! आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

सातव्या दिवशी सकाळी शिव्हा संपतो. युरोपीय ज्यूंमध्ये अशी रीत आहे की भेटायला आलेली माणसं ‘ऊठ’ म्हणतात, आणि घरची मंडळी जोडे घालून बाहेर पडून गल्लीला एक चक्कर मारून येतात. बस, एवढंच. लगेच दुकानात जाऊन बसायला कुणी सांगत नाही. एक चक्कर, आणि घरी. पुढे ३० दिवसांपर्यंत कामाला जायचं, पण केस वाढलेले, लग्नाकार्याला जायचं नाही. आईवडिलांसाठी ही बंधनं १२ महिने चालतात.

इथं एक गोष्ट मला बराच काळ खटकत होती. मूल गेलं तर शोक ३० दिवसांचा आणि म्हातारे वडील गेले तर वर्षाचा? खरं दुःख तर उलट्या मापाचं. याची उत्तरं अनेक देतात. सर्वांत सरळ असं की वर्षाचा शोक हा आईवडिलांच्या मानासाठी आहे, दुःखाच्या मोजमापासाठी नाही. ज्याचं मूल गेलं त्याला दुःख करायला शास्त्रानं सांगावं लागत नाही. त्याला उठायला सांगावं लागतं. मला हे पटतं, पण सगळं नाही पटत. तसं ते राहू दे.

वर्गात उभं राहिलेलं पोर

मी काही वर्षं शाळेत शिकवत होतो. सातवीतल्या एका मुलाचे वडील अपघातात गेले. तेरावा झाल्यावर तो वर्गात आला, मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून. सगळा वर्ग त्या टोपीकडे बघत होता. मी हजेरी घेतली. त्याचं नाव आल्यावर नेहमीच्या आवाजात घेतलं, तो ‘हजर’ म्हणाला, आणि मी पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी मी अपूर्णांक शिकवले. काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं, पोरांना तर त्याहून नव्हतं. मुद्दाम कुणी वाईट वागलं नाही. आमच्याकडे त्या प्रसंगासाठी काही रीतच नव्हती.

ज्यू शाळांकडे आहे. तिचं नाव कद्दिश.

कद्दिश ही अरामी भाषेतली प्रार्थना. गेलेल्यासाठी म्हणतात, पण तिच्यात मृत्यूचा शब्द नाही, गेलेल्याचं नाव नाही. देवाचं नाव मोठं होवो, त्यानं स्वतःच्या इच्छेनं निर्माण केलेल्या या जगात त्याचं राज्य येवो, एवढाच आशय. आणि ती एकट्यानं म्हणता येत नाही. किमान दहा प्रौढ लागतात (सनातनी पंथांत पुरुषच मोजतात, इतरत्र स्त्रियाही). मधे एका ठिकाणी बाकीच्यांना उत्तर द्यावं लागतं: ‘आमेन, त्याचं महान नाव सदासर्वदा धन्य असो.’ उत्तर देणारे नसतील तर कद्दिश नाही.

आता शाळेतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. प्रार्थनेला वर्गच्या वर्ग जमलेला आहे. ठरलेल्या ठिकाणी एकच मुलगा उभा राहतो, ‘यितगदाल वेयितकदाश’ म्हणायला लागतो. शब्द अवघड, परक्या भाषेतले, पहिल्या आठवड्यात जीभ अडखळतेच. चौथ्या शब्दानंतर सगळे ‘आमेन’ म्हणतात. त्याला काय वाटतंय हे कुणी विचारत नाही, त्यानं सांगायचं नसतं. त्यानं उभं राहायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं, रोज, ११ महिने. (वर्ष पुरं का नाही? सर्वांत पापी आत्म्याचा निवाडा १२ महिने चालतो अशी समजूत. पुरं वर्ष कद्दिश म्हटली तर आपणच आपल्या बापाला पापी ठरवल्यासारखं होईल.) शेजारच्या बाकावरच्या मुलालाही यात काम मिळतं. त्याला कसंनुसं तोंड करून दुसरीकडे बघावं लागत नाही; ‘आमेन’ म्हणायचं असतं.

शोक करणाऱ्यानं म्हणायच्या या कद्दिशला ‘कद्दिश यातोम’ म्हणतात, अनाथाची कद्दिश. हे नाव उगाच पडलेलं नाही. क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळात, १०९६पासून, जर्मनीतल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. त्यानंतरच्या शतकांत ही प्रथा तिथं रुजली. मोठा मुलगा बापासाठी सगळ्यांच्या प्रार्थनेचं पुढारपण करी. पण १३ वर्षांखालच्या पोराला ते करता येत नाही. मग त्यानं बापासाठी काय करावं? प्रार्थनेच्या शेवटी म्हणायची ही कद्दिश त्याला दिली गेली. आज मोठाली माणसं जी प्रार्थना म्हणतात ती मुळात बाप गेलेल्या लहान पोरांसाठी काढलेली वाट होती.

तिच्यामागची दंतकथाही शाळेचीच आहे. रब्बी अकिवा एकदा कोळशासारखा काळा पडलेला, नागवा माणूस डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन पळताना पाहतात. तो मेलेला असतो. जिवंतपणी करवसुली करायचा. श्रीमंतांना सोडायचा आणि गरिबांना नाडायचा. आता रोज स्वतःला जाळण्यासाठी लाकडं गोळा करतो. सुटका एकाच गोष्टीनं होईल: त्याच्या मुलानं लोकांत उभं राहून देवाची स्तुती म्हणावी आणि लोकांनी उत्तर द्यावं. पण तो मेला तेव्हा बायको गरोदर होती. मुलगा झाला की नाही, झाला तर त्याला शिकवणार कोण? अकिवा त्या गावी जातात. बापाचं नाव काढताच लोक शिव्या देतात. पोर सापडतं, पण त्याला अक्षर ओळख नाही, आणि शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. अकिवा ४० दिवस उपास करतात. मग पोर शिकतं, उभं राहतं, आणि बाप सुटतो. या कथेतला चमत्कार भुताचा नाही. ज्याच्या बापाला गाव शिव्या देतं त्या पोराला मुळाक्षरं गिरवायला बसवणारा मास्तर, हा आहे.

शाळांमध्ये आणखी एक रीत दिसते. कुणी गेलं की मिश्नेचे भाग वर्गमित्र आपापसांत वाटून घेतात. मिश्ना म्हणजे ज्यू कायद्याची पहिली लेखी संहिता, तिचे ६३ भाग. तू हा वाच, मी तो वाचतो, तिसाव्या दिवसापर्यंत सगळं वाचून संपवायचं. ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’, म्हणजे आत्मा, या दोन हिब्रू शब्दांची अक्षरं तीच, फक्त क्रम वेगळा, म्हणून मिश्नाच. एखाद्या मठ्ठ पोराच्या वाट्याला भांड्यांच्या शुद्धतेचे किचकट नियम येतात आणि तोही मित्राच्या आजोबांसाठी ते घोकत बसतो.

अकिवांचे पाच विद्यार्थी

या अकिवांची स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाळिशीपर्यंत ते निरक्षर होते. मग आपल्या मुलाबरोबर मुळाक्षरं शिकायला लहान मुलांच्या मास्तरासमोर जाऊन बसले. पाटीचं एक टोक बापानं धरलेलं, दुसरं मुलानं, असं वर्णन आहे. पुढे इतके मोठे झाले की त्यांना २४ हजार विद्यार्थी होते. आणि वल्हांडण ते शाबुओत या दोन सणांच्या मधल्या काही आठवड्यांत ते सगळे मेले. एकमेकांचा मान राखत नव्हते म्हणून, असं तालमूद म्हणतं. रोमनांविरुद्धच्या १३२ ते १३५ या काळातल्या बार कोखबाच्या बंडात कापले गेले असावेत, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. आकडा शब्दशः घ्यायची गरज नाही. ‘जग ओसाड पडलं,’ एवढंच वाक्य तालमुदात आहे.

आणि त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग: ‘मग अकिवा दक्षिणेकडच्या आमच्या गुरुजनांकडे आले आणि त्यांना शिकवू लागले.’ किती जणांना? पाच. मेईर, यहूदा, योसे, शिमोन, एलाझार. चोवीस हजारांनंतर पाच! म्हातारपणी पाच पोरं समोर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना अकिवांना काय वाटलं असेल ते ग्रंथात कुठं नाही. फक्त त्यांचं सांगणं नोंदलेलं आहे: तरुणपणी विद्यार्थी घडवलेस ना, म्हातारपणीही घडव. मिश्नेत जिथं कुणाचं नाव न घेता मत दिलेलं असतं, ते या मेईरचं मानायचं, असा संकेत आहे. म्हणजे आज जो ग्रंथ वर्गमित्र वाटून घेऊन वाचतात, तो या पाचांच्या वर्गातून पुढे आला.

वल्हांडणानंतरचे ते दिवस अजून पाळतात. लग्नं नाहीत, केस कापणं नाही. तेहेतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, मरण थांबलं असं मानतात, आणि त्या दिवशी दंगा असतो तो शाळकरी पोरांचा: शेकोट्या, धनुष्यबाण, राखेत भाजलेले बटाटे.

पण उभं राहणं सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि तालमूद तेही लपवत नाही. रब्बी योहानान यांचा अभ्याससोबती रेश लाकिश. दोघांत एका वादात शब्दाला शब्द वाढला, योहानान लागेल असं बोलले, आणि रेश लाकिश आजारी पडून गेला. योहानानना सावरायला म्हणून सहकाऱ्यांनी एलाझार बेन पेदात नावाचा हुशार विद्वान पाठवला. योहानान काहीही म्हणाले की हा लगेच म्हणे, ‘तुमच्या म्हणण्याला आधार आहे.’ योहानान कळवळून म्हणाले, ‘तू का लाकिशसारखा आहेस? मी एक गोष्ट बोललो की तो चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय रुंद व्हायचा. तू सांगतोस मी बरोबर आहे. मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का?’ कपडे फाडत, ‘लाकिशच्या लेका, कुठं आहेस?’ असं ओरडत ते फिरत राहिले, बुद्धी गेली, आणि शेवटी सहकाऱ्यांनीच त्यांच्या सुटकेसाठी प्रार्थना केली. होयबा पाठवून सांत्वन होत नसतं, हा त्यातला टोमणा मला फार मोलाचा वाटतो.

याच रेश लाकिशनं सांगून ठेवलेली दोन वाक्यं आहेत, आपल्या आधीच्या गुरूंच्या नावानं. जग टिकतं ते शाळेतल्या मुलांच्या श्वासावर. आणि मुलांचा अभ्यास मोडायचा नाही, मंदिर बांधण्यासाठीसुद्धा नाही.

मंदिर पडल्यावर

दुसरं वाक्य किती जड आहे ते कळायला इसवी सन ७० आठवायला हवं. रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं. धर्माचा सगळा कारभार ज्याच्याभोवती फिरत होता तेच गेलं. वेढ्यातून योहानान बेन झक्काई निसटले (शवपेटीत झोपून, असं परंपरा सांगते) आणि त्यांनी रोमन सेनापतीकडे मागून काय घेतलं, तर यावने गाव आणि तिथले विद्वान. मंदिराऐवजी शाळा. ती पाळंमुळं आधीपासून होती: मंदिर पडण्याच्या थोडं आधी यहोशुआ बेन गमला या महायाजकानं गावोगाव सहासात वर्षांच्या मुलांसाठी शिक्षक नेमायची व्यवस्था लावली होती. नियमही ठरले: एका शिक्षकाकडे २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस द्यायचा. आपल्या शाळांमध्ये पटसंख्येवरून वाद घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मंदिर गेल्यावर काही जणांनी मांस आणि द्राक्षारस सोडला. रब्बी यहोशुआ त्यांना म्हणाले, ‘का रे मुलांनो?’

‘मांस वेदीवर चढायचं, ते बंद झालं. ते खायचं?’

‘मग भाकरीही सोडा. धान्याचा नैवेद्यही बंद झाला.’

‘फळांवर राहू.’

‘पहिली फळं वाहायचो, तीही गेली.’

‘दुसरी फळं खाऊ.’

‘पाणीही सोडा मग. पाण्याचं अर्घ्यही बंद आहे.’

ते गप्प झाले. तेव्हा यहोशुआ म्हणाले, ‘अजिबात शोक करू नका, असं म्हणता येत नाही; घाला पडलाच आहे. फार शोक करा, असंही म्हणता येत नाही. बहुतेकांना झेपणार नाही ते बंधन समाजावर घालत नाहीत. आपले विद्वान असं सांगतात: माणसानं घराला गिलावा करावा आणि थोडी जागा तशीच सोडावी.’ किती? हातभर लांब, हातभर रुंद. कुठं? दारासमोर, आत येताच दिसेल अशी. पुढे आणखी दोन उदाहरणं आहेत. जेवण साग्रसंगीत करावं आणि एखादा लहानसा पदार्थ वगळावा. बाईनं दागिने घालावेत आणि एक डब्यात ठेवावा. लग्नात नवरा पायाखाली पेला फोडतो तो त्याच नात्यातला.

मला या सबंध परंपरेतलं सगळ्यात शहाणं वाक्य हे वाटतं, आणि ते भिंतीबद्दल आहे. शोकाला घरात कायमची जागा आहे, पण मोजून दिलेली. बाकीच्या भिंतीला चुना लावायचा.

शिव्हाच्या सात दिवसांत धर्मग्रंथांचा अभ्यासही वर्ज्य असतो, कारण त्यानं मनाला आनंद होतो. इयोब, विलापगीत असलं दुःखाचं तेवढं वाचता येतं. याला एक अपवाद आहे: ज्याची लोकांना गरज आहे त्यानं शिकवणं थांबवू नये. सेप्पोरिस गावी रब्बी योसे यांचा मुलगा गेला, आणि ते अभ्यासगृहात गेले, दिवसभर शिकवत राहिले. हे योसे म्हणजे अकिवांच्या त्या पाचांतले एक. त्यांना त्या दिवशी शिकवायचं बळ होतं का, हा प्रश्न तालमूद विचारतच नाही. समोर शिकणारे बसले होते.

आता ती तार पुन्हा वाचली तर पहिल्या शब्दातलं ‘बे’ हे अक्षर दिसतं. ‘बे’ म्हणजे ‘-मध्ये’, ‘-नं’. आधी सावरा आणि मग बांधा, असं ती म्हणत नाही. सावरणं बांधण्याच्या आत आहे, असं म्हणते. आणि ती आली ती दफनं उरकल्यावर, काही दिवसांनी, वाट पाहणाऱ्यांना. कफार हबादचे लोक गाव सोडून गेले नाहीत. गेलेल्या मुलांच्या आठवणीसाठी छपाईकाम शिकवणारी शाळा उभी राहिली. तिचं नाव ‘याद हाहमिशा’. ‘याद’चे हिब्रूत दोन अर्थ होतात, स्मारक आणि हात. पाचांचं स्मारक, पाचांचा हात. अक्षरजुळणी शिकणाऱ्या पोरांच्या शाळेला दुसरा अर्थच जास्त शोभतो.

नवगाव आणि कुलाबा

मराठी वाचकाला हे सगळं फार दूरचं वाटायला नको. आपल्या बेने इस्राएल समाजाची आठवणच एका दफनापासून सुरू होते. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, किनाऱ्याला लागलेली बाकीची प्रेतं त्यांनी पुरली. ती दफनाची जागा आजही दाखवतात. ग्रंथ सगळे समुद्रात गेले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून ‘शनवार तेली’ झाले, आणि प्रार्थनांपैकी ‘शेमा इस्राएल’ एवढी एक तोंडात राहिली. जन्माला, लग्नाला, मरणाला तीच. शतकांनंतर दावीद रहाबी नावाचा शिक्षक आला, त्यानं झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं, असं परंपरा सांगते. इथंही सुरुवात तिघांच्या वर्गानं झाली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ती आज ओळखली जाते. १९४८नंतर समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले आणि तिथले बाक आता मुख्यतः मुस्लिम मुलांनी भरलेले असतात. शाळा चालू आहे.

कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस हे कफार हबादवाल्यांच्याच पंथाचं केंद्र. गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे तरुण जोडपं २००३मध्ये मुंबईत आलं आणि ते चालवत होतं. नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात त्या इमारतीत सहा ज्यू ओलीस मारले गेले, त्यात हे दोघं होते. त्यांचा दोन वर्षांचा होऊ घातलेला मुलगा त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी उचलून बाहेर आणला म्हणून वाचला. ऑगस्ट २०१४मध्ये केंद्र पुन्हा उघडलं, दुसरं जोडपं राहायला आलं. शुक्रवारी संध्याकाळी तिथं पुन्हा प्रार्थना होते, टेबलं मांडून जेवणं होतात. वरच्या मजल्यांवरच्या काही भिंतींना मात्र गिलावा केलेला नाही. गोळ्यांची भोकं तशीच आहेत.